चार महिन्यांचं पाणी, बारा महिन्यांचं रान

ढगांचं जंगल म्हणून जगात जे ओळखलं जातं, ते चंद्रपूर-गडचिरोलीत नाही, हे पहिल्याच ओळीत सांगायला हवं. कोस्टारिकातल्या मोंतेवेर्देसारख्या डोंगरांवर वर्षातले बहुतेक दिवस ढग झाडांत उतरलेले असतात. पाऊस पडो न पडो, पानांवर आणि शेवाळावर धुक्याचे कण साचतात, थेंब होऊन गळतात आणि त्या गळतीवर झरे वाहतात. झाडाचं उघडं खोड शोधावं लागतं, इतकं ते शेवाळ, नेचे आणि आमरींनी झाकलेलं असतं. याच्या जवळपास जाणारं काही महाराष्ट्रात पाहायचं तर आषाढ-श्रावणात आंबोलीला किंवा महाबळेश्वरला, सह्याद्रीच्या माथ्यावर जावं. चंद्रपूर शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. त्या उन्हात ताडोबाच्या एखाद्या टेकडीवर उभं राहिलं, तर सालईच्या निष्पर्ण फांद्या आणि तापलेला खडक एवढंच दिसतं.

मग त्या दूरच्या जंगलाची आठवण इथे कशासाठी? उष्ण कटिबंधातलं कोणतंही जंगल समजून घ्यायचं तर दोन प्रश्न आधी विचारावेत असं मला वाटतं: याचं पाणी कुठून येतं, आणि ते राहतं कुठे? ढगांच्या जंगलात दुसऱ्या प्रश्नाला फारसं महत्त्व उरत नाही. उद्याचं पाणी उद्याच्या ढगात असतं. आपल्या जंगलाला मात्र मृगापासून हस्तापर्यंत जे मिळेल, त्यावर पुढचा मृग गाठायचा असतो. चंद्रपूरकडे वर्षाला सुमारे १,२०० मिलिमीटर पाऊस पडतो, गडचिरोलीच्या दक्षिण-पूर्वेला तो दीड हजारांच्या आसपास जातो, आणि त्यातला जवळपास नव्वद टक्के चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने हे जंगल सुगीला ढोली भरून वर्ष काढणाऱ्या घरासारखं जगतं. झाडाची साल, पानगळीचा दिवस, हरणांच्या वाटा, गावाची बोडी म्हणजे लहान तळं, मोहफुलं वेचण्याचे नियम, या सगळ्यांत त्या साठवणीचा हिशोब आहे. पुढची पानं त्या हिशोबाविषयी आहेत.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला पाऊस पश्चिमेकडून येतो याची इतकी सवय असते की पूर्व विदर्भाचा पाऊस त्याला उलटा वाटेल. इथे मोठा पाऊस येतो तो बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन ते ओडिशा-छत्तीसगडवरून पश्चिमेकडे सरकू लागलं की. दोन-तीन दिवस आभाळ भामरागडच्या टेकड्यांवर टेकल्यासारखं खाली येतं, दिवसाचा उजेड संध्याकाळसारखा होतो आणि पाऊस थांबत नाही. झाडांच्या शेंड्यांतून ढग ओढत जाताना दिसतात. वर्षातले तेवढेच काही दिवस हे जंगल खरोखर ढगांत असतं.

पडलेलं पाणी कुठे जातं हेही नकाशा उघडून पाहण्यासारखं आहे. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ मिळतात आणि त्यांची प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि तिथून पुढे सोमनूरला इंद्रावती गोदावरीत येते. म्हणजे या दोन जिल्ह्यांच्या रानात पडलेला थेंब ज्या उपसागरातून आला, तिथेच शेवटी परत जातो. मधल्या काळात तो किती दिवस इथे रेंगाळला, यावर सगळं अवलंबून. भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा संगम आहे. बस्तरात जोराचा पाऊस झाला की इंद्रावती फुगते, तिच्यापुढे पर्लकोटाचं पाणी तुंबतं, पूल बुडतो आणि भामरागड गाव जगापासून तुटतं. हे एखाद्या अपवादाच्या वर्षी घडत नाही. तिथल्या माणसांच्या पावसाळ्यात ते धरलेलंच असतं. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळा म्हणजे महिनोन्‌महिने रस्ता बंद असा अर्थ होता. आज डांबरी रस्ते आहेत. तरी आभाळ भरून आलं की आलापल्लीच्या पुढे जाणारा माणूस आजही आधी नाल्यांची चौकशी करतो.

आता झाडांकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे.

जंगलात उभं राहून आजूबाजूला कुठली झाडं आहेत हे पाहिलं, की पायाखाली पाणी किती खोल आहे ते कळतं. टेकडीच्या खडकाळ माथ्यावर सालई, धावडा आणि पांढऱ्या गुळगुळीत खोडाचा कुलू असतो. रात्री चांदण्यात कुलू एकटा चमकतो, म्हणून लोक त्याला भुत्या म्हणतात. उतारावर माती साचते तिथे साग, ऐन, बीजा, तेंदू, रोहण, चारोळी. खाली नाल्याच्या काठाला जांभूळ, करंज, आंबा, आणि अर्जुन, ज्याला इथे कहू म्हणतात. माथ्यावरून नाल्यापर्यंतचं अंतर कधीकधी पाचशे पावलांचंही नसतं, पण एप्रिलमध्ये त्या पाचशे पावलांत दोन वेगळे ऋतू असतात. वर एकही पान नाही, खाली गर्द सावली. ताडोबात पर्यटक वाघासाठी पाणवठ्यावर थांबतात, तेव्हा पाण्याकडे बघतात. त्याऐवजी काठावरच्या झाडांकडे पाहिलं तर तो पाणवठा बारमाही का आहे, ते समजू लागतं.

पानगळ ही या जंगलाची सर्वांत मोठी युक्ती आहे. पानांतून बाष्प सुटतं, म्हणून पाणी संपत आलं की झाड पानंच टाकून देतं. इथवर शाळेच्या पुस्तकात असतं. त्यापुढचं मात्र बघणाऱ्याला चकित करतं. पाऊस अजून महिना-दीड महिना लांब असतो, विहिरींनी तळ गाठलेला असतो, आणि भर उन्हात झाडं पालवू लागतात. कुसुमाला लालभडक पालवी येते, जणू सगळं झाड फुललं आहे. हे पाणी आणलं कुठून? पानं गेल्यावर झाडाचा खर्च जवळजवळ थांबतो, मुळं खोलवरचं पाणी हळूहळू वर ओढत राहतात आणि खोड पुन्हा भरतं. दिवस मोठा होऊ लागला की त्या साठ्यावर कोंब फुटतात. त्यात दुहेरी फायदा आहे. पाऊस पडेल त्या दिवशी पान तयार असतं, चार महिन्यांतला एकही दिवस वाया जात नाही. आणि पाला खाणाऱ्या किड्यांची फौज पावसाबरोबर येते, तोवर कोवळं पान जून झालेलं असतं.

साग ही घाई करत नाही. त्याची पालवी पावसाच्या तोंडावर येते, आणि त्याची फुलं तर ऐन पावसाळ्यात, पांढऱ्या तुऱ्यांनी. उशिरा येण्याची किंमत तो श्रावण-भाद्रपदात मोजतो. सागाच्या पानांवर अळ्यांची धाड पडते. एक जात पानं फस्त करते. दुसरी शिरा तेवढ्या ठेवून मधला हिरवा भाग खाते. हातभर रुंद पान जाळीसारखं आरपार दिसू लागतं आणि डोंगराचे डोंगर तपकिरी पडतात. नवखा माणूस म्हणतो, जंगल वाळलं. वाळलेलं काही नसतं. त्या अळ्यांवर त्याच दिवसांत पक्ष्यांची पिलं वाढत असतात, अळ्यांची विष्ठा पावसाच्या सरीसारखी पानांवर टपटपत असते आणि जमिनीला खत मिळत असतं. तो आवाज ऐकायला मी सांगेन. उन्हाळ्यातल्या सफारीत तो ऐकू येत नाही.

ऐनाविषयी थोडं जास्त लिहितो. मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली त्याची जाड साल वणव्यात खोडाला वाचवते. काही ऐनांच्या खोडात पाणी साठतं. जाणत्या माणसाला खोडावरचा फुगवटा पाहून ते कळतं, आणि रानात तहान लागली तर ते पाणी कामी येतं. याच ऐनावर आणि कहूवर टसरचे किडे पोसले जातात. आरमोरीच्या परिसरात ढिवर समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. कोषाला इथे कोसा म्हणतात. किडे झाडावर सोडले की पाखरांपासून, मुंग्यांपासून त्यांची राखण करावी लागते, माणसं दिवसदिवस रानात बसून राहतात. ऐन तोडला तर सरपण एकदाच मिळतं आणि राखला तर कोसा दरवर्षी मिळतो, हे त्या कुटुंबांना कुणी पटवून द्यावं लागलेलं नाही.

ढगांच्या जंगलाची ओळख असलेल्या माणसाला इथे आमरी आणि शेवाळ कमी आढळेल. तरी जुन्या मोहावर, आंब्यावर वांडा आमरी सापडते. जाड मांसल मुळांनी ती खोडाला धरून राहते आणि आठ महिन्यांचा कोरडा काळ त्या मुळांवर काढते. जुलै संपता संपता नाल्याकाठची खोडं शेवाळाने मऊ हिरवी होतात, खडकांतून नेचे उलगडतात. दिवाळीपर्यंत ते शेवाळ काळपट कोरडं होऊन खोडाला चिकटून बसतं. मेलेलं नसतं. पुढच्या पहिल्या सरीत तासाभरात ते पुन्हा हिरवं होतं, आणि हे डोळ्यांदेखत बघायला मिळणं हा इथल्या पावसाळ्याचा एक मोठा आनंद आहे.

जमिनीवर तर रोज काहीतरी नवं घडत असतं. पहिल्या पावसानंतर लाल मखमली मृगाचे किडे मातीतून वर येतात. वारुळांतून पंखवाल्या वाळव्यांचे लोटच्या लोट उडतात आणि बेडकापासून अस्वलापर्यंत सगळे त्या दिवशी जेवून घेतात. नवरंग पक्ष्याची दुहेरी शीळ सकाळ-संध्याकाळ घुमते. तो पावसाबरोबर येतो, इथे घरटं करतो. बांधीत पाणी चढलं की चढणीचे मासे नाल्यातून धानाच्या शेतात शिरतात. वारुळांच्या आसपास सात्या उगवतात. ही अळिंबी वाळवी आपल्या वारुळात वाढवते, तिचं देणं-घेणं वाळवीशी आहे, म्हणून ती कुणाला शेतात लावता येत नाही. सात्या निघाल्याची बातमी गावात फिरते, पण नेमकी जागा कुणी सांगत नाही. बांबूचे कोवळे कोंब, इथले वास्ते, याच दिवसांत बाजारात येतात. पाऊस ओसरला की वाटेवर माणसाच्या उंचीला मोठ्या रानकोळ्यांची सोनेरी जाळी आडवी येतात. पुढे चालणाऱ्याने काठी हातात धरावी आणि जाळं न तोडता वाकून जावं.

आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला लागलं की थोड्याच अंतरावर वनवैभव आहे. जेमतेम सहा हेक्टरांचा हा तुकडा, पण २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रात पहिला. इथे कुऱ्हाड चालवलेली नाही. आलापल्लीचा साग सर्वदूर प्रसिद्ध आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ च्या मार्चमध्ये बल्लारपूरच्या आगारातून गेला तो याच प्रदेशातला साग. वनवैभवात हा साग उभा पाहता येतो. मान मागे टाकूनही शेंडा दिसत नाही. पण मला तिथे सागापेक्षा जमीन जास्त बोलते. पडलेली खोडं उचललेली नाहीत, ती जागीच कुजतात, आणि त्या कुजक्या लाकडावर बुरशी, भुंगे, गोगलगाई, वेली, नवी रोपं यांचा संसार चालतो. पाय ठेवला की माती दबते. हा स्पंज सप्टेंबरात पाणी धरतो आणि जानेवारीपर्यंत नाल्याला सोडत राहतो. एकाच वयाचा, एका रांगेत लावलेला साग काही मैलांवर आहे. तिथे जमीन कडक असते, पाऊस पडला की पाणी माती घेऊन धावतं. दोन्ही जागा एकाच दिवशी, एकाच पावसात बघाव्यात.

याच झाडोऱ्यात शेकरू आहे. सह्याद्रीत भीमाशंकरच्या ढगाळ माथ्यावर राहणारा हा प्राणी इतक्या लांब, इतक्या उष्ण मुलखात कसा राहतो? फांदीवरून फांदीवर उड्या मारत जायला त्याला सलग छत लागतं. तो जमिनीवर सहसा उतरत नाही. जिथे नाल्यांनी ओल धरली आणि झाडं एकमेकांना भिडून राहिली, तिथेच तो टिकला. शेकरू दिसला की त्या तुकड्यात जंगल अजून तुटलेलं नाही असं समजावं.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण ते टाळता येत नाही. आज दिसणारं जंगल या भूमीवरचं पहिलं जंगल नाही. चंद्रपूरच्या खाणींतून निघणारा कोळसा म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुनी, दलदलीत गाडली गेलेली अरण्यं आहेत. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे; तिथे दगड झालेली झाडांची खोडं जमिनीतून डोकावतात, आणि त्याच परिसरातल्या कोटा गावावरून ज्युरासिक काळातल्या खडकांच्या एका थराला जगभरचे भूशास्त्रज्ञ ओळखतात. डायनोसॉरांची हाडं त्या थरांतून निघाली. खोडाचा दगड हातात घेतला की त्यावर सालीच्या रेघा बोटांना लागतात. तेव्हा इथे किती पाणी असेल, याचा विचार करत मी तिथे बराच वेळ बसलो आहे.

माणसांनी या पाण्याशी काय केलं, याशिवाय हा विषय अर्धाच राहील. झाडीपट्टीत गावोगाव बोड्या आणि तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून तलाव बांधणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळे, आणि कोहळी समाजाने या कामात मोठं नाव कमावलं. मालगुजारी १९५०च्या सुमारास संपली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदोपत्री ते माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव झाले. टेकडीवरच्या जंगलातून आलेलं पाणी तलावात, तिथून बांधीत, एका बांधीतून खालच्या बांधीत, असं ते पायऱ्यापायऱ्यांनी उतरतं. आषाढात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून रोवणी चालते, तेव्हा चिखलात उभ्या बायकांच्या पायांशी जे काळसर पाणी असतं, त्यात वरच्या रानातला कुजलेला पाला मिसळलेला असतो. वरचं जंगल गेलं की तलाव आधी गाळाने भरतो, मग धान मरतं. ही साखळी इथल्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. योजना आखणाऱ्यांच्या कागदावर मात्र जंगल एका खात्यात आणि तलाव दुसऱ्या खात्यात असतो.

भामरागड-एटापल्लीच्या माडियांत नवं फळ, नवं धान्य खाण्याआधी सगळ्या गावाने मिळून सण करायचा असतो. त्याला पंडुम म्हणतात. पंडुम होईपर्यंत ते फळ तोडायचं नाही. बाहेरून हा केवळ धार्मिक विधी वाटतो. पण झाडाच्या बाजूने पाहिलं तर फळ पिकून बी तयार होईपर्यंत त्याला मिळालेली ती मुदत आहे. मोहाचंही असंच. चैत्रात पहाटेच्या आधी मोहफुलं गळू लागतात. टोपल्या घेऊन माणसं आणि पोटं घेऊन अस्वलं, चितळं एकाच झाडाखाली येतात. पुढे पावसाच्या तोंडावर टोळं, म्हणजे मोहाची फळं, पडतात, त्यांचं तेल निघतं. पानगळीत, अन्नाच्या सर्वांत कठीण महिन्यांत हे झाड देतं, म्हणून शेत काढतानाही मोह ठेवतात. बायकांना झाडं किती जवळून माहीत असतात हे डॉ. राणी बंग यांच्या ‘गोईण’ या पुस्तकात वाचायला मिळतं. गडचिरोलीच्या झाडांविषयी मराठीत त्याच्याइतकं आपुलकीचं पुस्तक मी वाचलेलं नाही.

हक्काची गोष्टही याच जंगलात घडली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने आधी अभ्यासगट केला, मग सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत घातली, आणि वनहक्क कायद्याखाली ऑगस्ट २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. बांबू विकायला मात्र वाहतूक परवाना लागतो, आणि तो वनखात्याकडे होता. २७ एप्रिल २०११ ला तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. ज्या बांबूवर पूर्वी कागद कारखान्यांचा हक्क असे, तो कधी, कुठला आणि किती तोडायचा हे आता गाव ठरवू लागलं. कोवळा कोंब तोडला तर पुढचा बांबू नाही, हा हिशोब गावाला आधीपासून येत होता. लागत होता तो अधिकार. आज गडचिरोलीत अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलावही स्वतः करतात.

या जंगलावरचा ताण मी सौम्य करून सांगणार नाही. सुरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे आणि तिथेच ठाकूरदेवाचं ठाणं आहे, जिथे दर जानेवारीत आसपासचे लोक यात्रेला जमतात. तिथे आता खाण चालते. लोखंड लागतं हे मला कळतं. पण डोंगराचा माथा गेला की त्यावरून उगम पावणारे नालेही जातात, आणि त्यांच्या काठाने असलेली गावं पाण्याच्या या हिशोबातून बाहेर फेकली जातात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत वाघ आणि माणूस एकमेकांच्या वाटेत आहेत. मोह वेचायला पहाटे वाकलेली बाई, तेंदूपान तोडणारा माणूस वाघाच्या हल्ल्यात जातो. वाघ वाढल्याचा आनंद मानणाऱ्या प्रत्येकाने त्या घरांचीही आठवण ठेवली पाहिजे. वणवे बहुतेक माणसांनीच लावलेले असतात, मोहाखालचा पाला साफ करताना किंवा तेंदूला नवी पालवी यावी म्हणून. पाला जळला की पावसाला अडवणारं जमिनीवरचं पांघरूण जातं.

आणि तरीही हे जंगल अजून प्राण्यांना परत बोलावतं. सिरोंचा वनविभागात कोलामार्का आहे. महाराष्ट्रातल्या उरल्यासुरल्या रानम्हशींसाठी २०१३ मध्ये ते संवर्धन राखीव क्षेत्र झालं. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला. त्यापूर्वी इथे हत्ती म्हटलं की कमलापूरच्या कॅम्पातले पाळीव हत्ती एवढंच होतं. हत्तींनी धानाचं नुकसान केलं, घरं पाडली, माणसंही मारली, हे खरं आहे. पण हत्ती चालतो त्या वाटेवर पाणी आणि सलग रान असावं लागतं, आणि ते इथे अजून आहे, हेही तितकंच खरं.

यावं कधी आणि कसं, याविषयी चार शब्द. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाला. जुलै ते सप्टेंबर त्याचा गाभा बंद असतो आणि तो तसाच बंद राहावा. पण बफरमधल्या गावांच्या वाटा, आलापल्ली, चपराळा, मार्कंड्याची वैनगंगा, हे सगळं पावसाळ्यात पाहता येतं. एकाच जागी निदान तीन ऋतूंत यावं: वैशाखात पालवी फुटताना, श्रावणात, आणि पौषात, जेव्हा ताडोबाच्या तलावाकाठी तारूच्या ठाण्यावर आदिवासी जत्रेला येतात. तारू वाघाशी लढताना मेला आणि देव झाला, असं ते सांगतात. गडचिरोलीत मलेरिया आहे, म्हणून मच्छरदाणी आणि डॉक्टरचा सल्ला दोन्ही बरोबर असू द्या. गावातलाच माणूस वाटाड्या घ्या आणि त्याला योग्य मजुरी द्या. गोटुलात, म्हणजे गावाच्या सामूहिक घरात, बोलावल्याशिवाय जाऊ नका, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढू नका. सात्या दिसल्या तर त्या गावच्या आहेत असं समजून पुढे व्हा.

पुढच्या प्रकरणांत काही ठिकाणांची नावं वाचकाला सापडणार नाहीत. गिधाडांची घरटी असलेली झाडं, शेकरूच्या वावराचे नाले, आमरींचे मोह, आणि दोन-तीन देवराया, यांचा उल्लेख तालुक्यापर्यंतच ठेवला आहे. ज्यांनी मला त्या जागा दाखवल्या, त्यांनी त्याच अटीवर दाखवल्या होत्या. त्यांच्या गावात जाऊन, त्यांच्याबरोबर दोन दिवस राहून विचारलं तर कदाचित ते तुम्हालाही दाखवतील.